कूलरवाल्याची नाव

माझ्या अब्बांनी नाव बनवली आणि तिला चार पाय लावले. हे सांगितलं की लोक हसतात. हसा. पण मला त्या शनिवार-रविवारचा राग अजून येतो, आणि तो पायांमुळे नाही.

बल्लारपुरात अब्बांचं कूलर बनवायचं दुकान होतं. उन्हाळ्यात त्यांना जेवायला सवड नसायची आणि हिवाळ्यात दुकानात माशीसुद्धा स्वेटर घातल्याशिवाय फिरकायची नाही. नव्वदीच्या मध्यातल्या अशाच एका हिवाळ्यात उरलेल्या पत्र्याची नाव करावी, असं त्यांच्या डोक्यात आलं. सिंदेवाहीकडे त्यांचे एक दोस्त होते, धानाचे शेतकरी. त्यांना मी काका म्हणायची. काकांच्या गावाला तलाव होता. केवढा? या काठाला कुणी शिंकलं तर त्या काठाला ऐकू जाईपर्यंत याची सर्दी बरी व्हायची.

अम्मी सिरोंचाकडची, प्राणहितेच्या काठी वाढलेली. लहानपणी स्वतः डोंगा वल्हवत मावशीकडे जायची. लग्न होऊन बल्लारपुरात आली आणि त्यानंतर तिला पाणी दिसलं ते नळाचं, तेही नळाची मर्जी असेल त्या दिवशी. अब्बांना पत्रा धरायला माणूस लागला तेव्हा ती म्हणाली, "मी धरते. पण पयली चक्कर मले पायजे."

"अरे, तुझ्यासाठीच तर बनवून राह्यलो!" अब्बा म्हणाले.

सगळा हिवाळा तिने पत्रा धरला. अब्बा रिव्हेट ठोकायचे आणि तिच्या कोपरापर्यंत घंटा वाजायची. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी तिच्या पदराला इतकी भोकं पडली की त्यातून पीठ चाळता आलं असतं. हाताला पडले ते डाग वेगळेच.

अब्बांचा हात पक्का कूलरचा. पत्र्याचं काहीही पुढ्यात आलं की तो त्यांना न विचारता चालायला लागायचा. नाव तयार झाली तेव्हा तिला कूलरचाच हिरवा रंग होता, बुडाला पाणी सोडायचं भोक होतं (बुचासकट, म्हणून आम्ही आज जिवंत आहोत) आणि खाली लोखंडी अँगलचे चार पाय होते.

शनिवारी मेटॅडोरमध्ये नाव उलटी घातली आणि तिच्याखाली कोंबड्यांसारखे बसून आम्ही निघालो. अब्बा, अम्मी, मी आणि अब्बांचे कापडवाले दोस्त, ज्यांना मी चाचा म्हणायची. तलावावर पोचताच नाव पाण्यात ढकलली. ती थोडी पुढे गेली, चारही पाय चिखलात रुतले आणि ती अशी ऐटीत उभी राहिली की जणू आता कुणी तिच्यामागे खिडकी बांधणार होतं. काका तलावाच्या पाळीवर लोळून हसले. "बाप्पा! भाऊ, आता पंखा चालू कर, सारं गाव थंड होऊन जाईन!"

तिला उपसायला अर्धं गाव आणि एक बैलजोडी लागली. मग करवतीने पाय कापण्यात शनिवार गेला. तोवर मीही हसत होते.

रविवारी सकाळी नाव तरंगली. अब्बा, काका आणि चाचा आत बसले. "ट्रायल घेतो," अब्बा म्हणाले. काका म्हणाले, "भाबी, तुमी तवर चहा टाका." ते परत आले तेव्हा चहाचं डांबर झालं होतं.

"आता माझा नंबर," अम्मी म्हणाली.

"भाबी, साडी अडकून जाईन कुठी," चाचा म्हणाले.

"कशाले? नावेत काय बाभूळ उगवली?"

पुढची फेरी गावच्या गुरुजींची झाली. मग पोस्टमन बसला. मग सरपंचाचा साळा बसला आणि त्याच्यासोबत त्याचा बोकड बसला. होय, बोकड! भर तलावात शेपटी हलवत, मोठ्या साहेबासारखा चौफेर बघत फिरून आला. त्याला कुणी विचारलं नाही की तुझं काही अडकेल का.

आणि इकडे अम्मी आणि काकू, म्हणजे काकांची बायको, तीन दगडांच्या चुलीपाशी. मटण, भात, कांदा चिरा, लाकूड सारा, फुंकणी फुंका. डोळे लाल. नाव काठाला लागली की एकच आरोळी, "झालं का नाई?"

अम्मीने पुन्हा विचारलं तेव्हा काका गंभीर झाले. "भाबी, राग नका धरू. आमच्या इकडं नव्या नावेत पयल्या दिवशी बाईमाणूस बसत नाई."

काकूने चुलीवरून मान वर केली. "काऊन हो? आपल्या गावात नाव आली कवा होती, का तिची रीत पडली? रातच्याले झोपेत पाडली का?"

"तू गप व."

अम्मीने अब्बांकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. अब्बा खाली वाकून बूच तपासत होते. जगात त्या क्षणी बुचाएवढं महत्त्वाचं काही नव्हतं. "पुढच्या साली बसजो," ते बुचालाच म्हणाले. "आता जेवून निघाचं हाये."

पुढच्या साली! हे लिहितानाही माझं डोकं तापतं. सगळा हिवाळा हात भाजून घेणाऱ्या बाईच्या आधी बोकडाचा नंबर लागतो, आणि तिच्यासाठी दोन मिनिटांत नवी रीत जन्माला येते! आणि ज्याने शब्द दिला तो नवरा बूच बघतो!

पुरुषमंडळी हातपाय धुवायला विहिरीवर गेली. अम्मीने फडक्याने मटणाचं पातेलं उचललं, साडीसकट पाण्यात शिरली आणि ते नावेत ठेवलं. मग भाताचं. मग काकूला म्हणाली, "चला."

"मले पोहता नाई येत."

"मले येते. बसा."

मला कुणी बोलावलं नाही. मी उडीच मारली.

सकाळपासून पुरुषांच्या हातात ती नाव गरगर फिरत होती. अम्मीने वल्हं मारलं आणि ती सरळ निघाली, जणू आत्ताच कुणी तिला पत्ता सांगितला. आम्ही मध्यावर पोचलो तेव्हा काठावर पळापळ सुरू झाली.

"अवं, जेवण!" अब्बा ओरडले.

"हाये इथी!"

"भाबी, भूक लागून राह्यली!" काका.

काकू बसल्या जागेवरून अशी गरजली की बदकं उडाली. "तवर चहा टाका!"

काकू आणि मी थेट पातेल्यातूनच, तळ दिसेपर्यंत जेवलो. आयुष्यात तसं मटण परत खाल्लं नाही. अम्मी मात्र जेवली नाही, हसलीही नाही. मला वाटलं होतं ती खूष होईल. ती दात आवळून वल्हवत राहिली, या काठापासून त्या काठापर्यंत आणि परत, तोंडाने माहेरच्या तेलुगूत काहीतरी पुटपुटत. त्यातलं अक्षर मला कळलं नाही ते बरंच झालं.

काठाला लागलो तेव्हा अब्बांनी चेहऱ्यावर हसू चढवून ठेवलं होतं. "झाली ना हौस?"

"हौस नव्हती," अम्मी म्हणाली. "नंबर होता. आणि पयला होता." आणि तिने मटणाचं रिकामं पातेलं त्यांच्या हातात दिलं.

आता अब्बा म्हातारे झालेत. पाहुणे आले की सांगतात, "आमी नाव बनवली होती, हिले पूर्ण तलाव फिरवून आणलं." अम्मी तिथेच तांदूळ निवडत बसलेली असते, मान वर करत नाही. मी करते. दर वेळी, पाहुण्यांसमोर, त्यांच्या कपातला चहा थंड होईपर्यंत भांडते.