पितळी रुळांमधले आठ फूट

गेल्या डिसेंबरातला दुसरा रविवार. ठरलेली रक्कम चाळीस हजार रुपये. हजर चौघे: माझे सासरे, सासूबाई, मी आणि गुडगावहून आलेले एक गृहस्थ. त्यांना सासऱ्यांची गच्चीवरची छोटी रेल्वे विकत घ्यायची होती.

छोटी म्हणजे मुलांच्या खेळण्यातली नव्हे. इंजिन चांगलं हातभर लांब, रूळ भरीव पितळेचे, दोन रुळांमधलं अंतर पंचेचाळीस मिलिमीटर. सासऱ्यांचा भाचा जर्मनीत असतो. तो येताना बॅगेत मावतील तेवढे रूळ आणायचा. पुढे त्याचं येणं कमी झालं, आणि नोएडाच्या गच्चीवरचं वर्तुळ पुरं व्हायला आठ फूट राहिले ते राहिलेच. गाडी एका टोकाकडून निघायची, दुसऱ्या टोकाशी थांबायची आणि उलटी परत यायची.

घर विकलं गेलं होतं. जानेवारीत दोघं नागपूरला थोरल्या मुलाकडे राहायला जाणार होती. तिथल्या फ्लॅटला गच्ची नाही. गुडगावच्या गृहस्थांची अट एकच होती: करवत नाही, कानस नाही. "अंकलजी, रेल पर आरी या रेती नहीं लगनी चाहिए. एक भी खरोंच मिली तो रेट अलग होगा." माल न्यायला ते दोन आठवड्यांनी येणार होते.

ते गेल्यावर सासरे जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "एकदा पूर्ण फिरलेली बघायची होती. बस."

मी म्हटलं, "दुसऱ्या कंपनीचे रूळ लावू, बाबा. अंतर पंचेचाळीसच असतं."

"एका नकाशात दोन स्केल चालत नाहीत, जावईबापू." ते सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते.

"स्केल तेच आहे. कंपनी वेगळी."

"लावू द्या हो त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं ती गाडी उलट्या पावली परत येतेय. मला बघूनच चक्कर येते."

शनिवारी मी करोल बागेत गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत एक जुनं हॉबीचं दुकान आहे. तिथे काचेच्या कपाटात अ‍ॅल्युमिनियमच्या रुळांचे दोन तुकडे पडून होते, प्रत्येकी चार फूट. दोन हजार सहाशे रुपये, पक्कं बिल. मानेसरला मी ज्या कारखान्यात कॉस्टिंग बघतो, तिथून परत करण्याच्या बोलीवर बारीक मापं घ्यायचा एक व्हर्नियर आणला, रीतसर गेटपास करून.

पहिला फरक डोळ्यांनीच दिसला. अ‍ॅल्युमिनियमचा रूळ बुटका होता. मोजला तर दोन मिलिमीटरनी कमी. कानस लावायची सोय नव्हती, म्हणून पितळ खाली न घासता अ‍ॅल्युमिनियम वर उचलायचं ठरलं. कपाटावर लावायच्या सनमायकाच्या नमुन्याच्या चकत्या घरात होत्या, प्रत्येक एक मिलिमीटर जाड. दोन-दोन चकत्या खाली सारल्या आणि वरून हात फिरवला. सपाट.

कंपन्यांच्या जोडपट्ट्या एकमेकींना बसत नव्हत्या. तेव्हा सासऱ्यांनी पितळी पत्र्याच्या चार पट्ट्या स्वतः कापल्या. रूळ पट्टीत नीट शिरावेत म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या टोकांखालचे प्लास्टिकचे स्लीपर काढले. मग दोन्ही रुळांच्या माथ्यांवर पेन्सिलीने मधोमध बारीक रेघ मारून, रेघेला रेघ जुळवून, पट्ट्या स्क्रूने आवळल्या. काम इतकं देखणं झालं की त्यांनी मला फोटो काढायला लावला.

गाडी सोडली. पितळेवरून अ‍ॅल्युमिनियमवर आरामात गेली. आठ फूट ओलांडून परत पितळेवर चढताना पुढचा डबा उलटला.

पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच. मी म्हटलं, तो सांधा वाईट आहे. म्हणून गाडी उलट्या दिशेने सोडली. आता त्याच वाईट सांध्यावरून ती सुरळीत आत गेली आणि दुसऱ्या, चांगल्या सांध्यावर पडली.

हे मला फारच विचित्र वाटलं. दोन्ही सांधे चांगले, दोन्ही वाईट. सासूबाई कपडे वाळत घालत होत्या. "माहेरी जाताना काही होत नाही तिला," त्या म्हणाल्या, "परतताना रुसते."

ते मात्र बरोबर होतं. अ‍ॅल्युमिनियमवर जाताना कधीच पडत नव्हती, तिथून बाहेर पडतानाच पडत होती. उंची तर सारखी होती. मग मी नख रुळाच्या वरून न फिरवता आतल्या कडेने फिरवलं, जिथे चाकाची कड घासत जाते. पितळेकडे येताना नख अडकलं.

व्हर्नियर लावला. पितळी रुळाचा माथा तीन मिलिमीटरहून जास्त रुंद, अ‍ॅल्युमिनियमचा अडीच. मध्याला मध्य जुळवल्यावर दोन्ही रुळांवर पितळेचा कोपरा जरासा आत डोकावत होता. बाहेर पडणारं चाक त्या कोपऱ्यावर आपटत होतं.

सासरे चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. "मी मध्यरेषा धरली," ते म्हणाले. "आयुष्यभर प्रत्येक कागदावर आधी मध्यरेषा. चाकाला मध्य कुठे कळतो? त्याला कड कळते."

"मग बदलू?"

"बिल्कुल. बाहेरून वाईट दिसलं तर दिसू दे."

पट्ट्या सैल केल्या, आतल्या कडा सरळ रेषेत आणल्या, बाहेरून पायरी राहू दिली. गाडी सोडली. ती आत गेली, बाहेर आली आणि गच्चीच्या चारही भिंतींशेजारून जाऊन आमच्या मागून परत आली. सासरे पुढे बघत होते. आवाज मागून आल्यावर वळले. सासूबाईंनी बादली खाली ठेवली.

"अच्छा, अशी येते होय," त्या म्हणाल्या.

गुडगावचे गृहस्थ ठरल्या दिवशी आले तेव्हाही गाडी फिरत होती. त्यांचा चेहरा उतरला. "ये तो आपने मिक्स कर दिया."

"आपकी रेल को हाथ नहीं लगा," सासरे म्हणाले. "देख लीजिए. लेकिन दो मिनट रुकिए, पहले ये चक्कर होने दीजिए."

दोन मिनिटांचा चहा झाला, मग दुसरा चहा झाला. गाडी चालूच. गृहस्थ घड्याळाकडे बघायचे सोडून सांध्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी पट्टी बघितली, सनमायका बघितला, आतली कड बघितली. शेवटी सासऱ्यांनीच उठून स्विच बंद केला आणि स्क्रू काढायला घेतले. गृहस्थांनी पितळेचा एकेक तुकडा भिंगाखाली धरला. ओरखडा नव्हता.

"मेरे यहाँ भी दो कंपनी का ट्रैक है, कभी जुड़ा नहीं," ते म्हणाले. "ये बीच वाला भी दे दीजिए, पट्टियों के साथ."

एकूण त्रेचाळीस हजार त्यांनी तिथेच दिले. चाळीस हजार सासऱ्यांना, रेल्वेचे. दोन हजार सहाशे मला, बिलाप्रमाणे. चारशे पुन्हा सासऱ्यांना, चार पट्ट्यांची मजुरी. ती त्यांनी स्वतः मागून घेतली.