मथुरामावशींचं बघणं

मथुरामावशी बाळाला न्हाऊ घालायला आल्या की पहिली काही मिनिटं कशालाच हात लावत नसत. बाळाशेजारी पाटावर बसायच्या आणि नुसत्या बघायच्या. इकडे पाणी निवायचं, कोमट केलेलं तेल गार व्हायचं, पण बाई ढिम्म हलायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचा डोळा लागला. मी मुद्दाम खाकरले, तर म्हणाल्या, "आधी बघावं ताई, मग धरावं. लेकरू काय भांडं हाय, उचललं अन् घासलं?"

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. आम्ही पंचवटीत, मखमलाबाद नाक्याजवळ राहत होतो. मावशींचं घर मखमलाबादच्या मळ्यात. घरचा झेंडू, घरची शेवंती. फुलं बाजाराला रवाना केली की त्या आमच्या भागातल्या बाळंतिणींच्या घरी यायला निघायच्या. उंच, हाडापेराने मजबूत बाई, काष्टा घट्ट मारलेला, आणि हातांना खोबरेल तेलाचा आणि झेंडूचा मिळून एक वास, जो कितीही धुतला तरी जात नसे.

माझी सई तीन महिन्यांची असताना तिच्या हृदयाला छिद्र असल्याचं कळलं. वजन वाढलं की ऑपरेशन करू, तोवर जपा, फार रडू देऊ नका आणि सर्दी-खोकल्यापासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. हे ऐकून आमची आधीची न्हाऊ घालणारी बाई दुसऱ्या दिवसापासून यायचीच बंद झाली. भलतंसलतं झालं तर नाव आपलं यायचं, ही तिची भीती मला समजत होती. मथुरामावशींना मी सगळं आधीच सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "रडू द्यायचं नाय ना? मग नाय रडू देणार."

बोलायला सोपं होतं. न्हाऊ घालण्याचं सगळं शास्त्रच मुळी बाळाच्या रडण्यावर उभं. बाळ टाहो फोडून रडलं की छाती मोकळी होते, भूक लागते, गाढ झोप येते, असं सगळ्याच जणी मानत. पण मावशींनी सईपुरतं ते सगळं बाजूला ठेवलं. पायांवर घेऊन आधी एक पाय धुवायचा, पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. सईचा ओठ जरा वाकडा झाला की हात थांबलाच. साठीच्या घरातली बाई आयुष्यभराचा हात बदलत होती आणि त्याचं तिला काही विशेष वाटत नव्हतं. धुरी मात्र त्या कुठल्याच घरी देत नसत. शेजारणी नाकं मुरडायच्या, ओवा-लसणाच्या धुरीशिवाय कसली आली अंघोळ, म्हणायच्या. मावशींचं उत्तर ठरलेलं असे, "धूर चुलीत बरा."

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे माझी सगळी श्रद्धा मोजमापावर. श्वास कसे मोजायचे ते डॉक्टरांनी दाखवलं होतं. झबलं वर करून पोटाकडे बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायचं. मी आलेखाचा कागद भिंतीला चिकटवला आणि दिवसातून चार वेळा त्यावर ठिपके देऊ लागले. मावशी त्या कागदाकडे कौतुकाने बघायच्या.

डिसेंबरात नाशिकची थंडी पडली आणि इतकं जपूनही सईला सर्दी झाली. दोन दिवसांत छाती भरली. डॉक्टरांनी औषधं दिली आणि श्वास साठाच्या वर गेले किंवा तिने दूध सोडलं तर तडक घेऊन या, असं सांगितलं. माझे ठिपके वर चढत होते, छप्पन, अठ्ठावन्न. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता साठ. मी दवाखान्याची पिशवी भरून ठेवली. नऊला पुन्हा मोजले तर बेचाळीस. विश्वास बसेना म्हणून परत मोजले, तरी बेचाळीसच. मला आनंदाने रडू आलं. सकाळपासून ती प्यायली नव्हती, पण बिचारी आता कुठे शांत झोपलीय, उठवायला नको, असं मीच ठरवलं. नवऱ्याला म्हटलं, तू जा कामावर. तो सातपूरला गेला आणि मी पिशवी रिकामी केली.

थोड्या वेळाने मावशी आल्या. त्या दिवशी त्या पाटावर बसल्याच नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "ताई, रिक्षा बोलवा."

मी हसून भिंतीवरचा कागद दाखवला. साठावरून बेचाळीसवर आलेत, म्हटलं, उतार पडलाय.

"कागद ऱ्हाऊ द्या. लेकराकडं बघा." त्यांनी सईच्या तळपायावर टिचकी मारली. सईचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. "ही निवली नाय, ताई. दमली हाय. श्वास घ्यायचंबी बळ ऱ्हायलं नाय तिच्यात."

मग मला दिसलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली पडणारा खड्डा, हलणारी मान, एवढ्या थंडीत कपाळावर आलेला घाम, ओठांची जांभळी कड. हे सगळं माझ्यासमोरच होतं आणि मी घड्याळाकडे बघत होते. रिक्षात मावशींनी तिला आडवं होऊ दिलं नाही, खांद्याशी उभं धरून बसल्या. मी नुसती त्यांचा पदर धरून होते.

सई चार दिवस श्वासाच्या मशीनवर होती. श्वास थकून कमी झाले होते, अजून तासभर गेला असता तर आपल्या हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. हे कुणाच्या लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मावशींकडे बोट केलं. मग नेमकं काय काय दिसलं ते त्यांनी मावशींना विचारून घेतलं, तेही विद्यार्थ्यासारखं उभं राहून. मावशी रोज फुलं बाजारात पाठवून यायच्या, काचेतून सईकडे बघायच्या आणि निघून जायच्या. पाचव्या दिवशी नळी काढली आणि सई घोगऱ्या आवाजात रडली. मी तिला उगी करायला धावले, तर मावशींनी मला धरलं. म्हणाल्या, "आज रडू द्या."

पुढे सईचं ऑपरेशन झालं, ती शाळेत गेली, आता माझ्याशी हुज्जत घालते. मावशी दोन हजार सहा साली गेल्या. मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण इतकं शिकलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

सई घरी आल्यावर मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कसं कळलं?

"माझ्या लेकीचं पोरगं असंच निवांत झालं व्हतं. दोन दिस धापा टाकत व्हतं, तिसऱ्या दिशी गप पडलं. मीच म्हनले, उतार पडला. मीच धुरी दिली अन् पाळण्यात टाकलं. पुन्हा उठलंच नाय ते."

मी म्हटलं, "मावशी, मला हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर लेकरू माझ्या हाती दिलं असतं का?"

दिलं नसतं. ते त्यांना माहीत होतं.