उलटे लावलेले दगड

चर्चच्या आवाराचे काम सुरू झाले त्या पहिल्या शनिवारपासून फाईलताईंनी एक वही ठेवली होती. तीस वर्षे सरकारी दप्तरखान्यात कागद लावण्यात गेलेली. निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, सवय सुटली नाही. बाहेरून येऊन सारे आवार गिळून बसलेली झुडपे उपटायची आणि त्यांच्या जागी याच मातीत पिढ्यान्पिढ्या वाढलेली झाडे लावायची, एवढे काम. दहा-बारा माणसे हौसेने येत. कोणी काय उपटले, काय लावले, कुठे लावले, सारे वहीत.

"ताई, मी शिंकलो, तेही लिहा," बेकरीवाला म्हणे.

"किती वाजता?" ताई मान वर न करता विचारीत.

आवाराच्या किल्ल्या घंटाकाकांकडे होत्या. दारे उघडणे, फरशी झाडणे, घंटा वाजवणे यांत त्यांची चाळीस वर्षे गेली होती. उत्तरेच्या भिंतीशी कंदातून उगवणारी निळी रानफुले होती; आवारातली मूळची म्हणावीत अशी तेवढीच उरलेली. उन्हाळ्यात ती पान नि पान टाकून जमिनीखाली निजत आणि वर नुसती उघडी माती दिसे. म्हणून पाने वाळू लागली की काका त्यांच्याभोवती दगडांचे कडे मांडत. प्रत्येक दगडाच्या एका अंगाला चुना फासलेला असे.

वरिष्ठ धर्मगुरू पाहणीला येणार होते, त्या आठवड्यात ताई शुक्रवारी दुपारी एकट्याच आल्या. पायवाटेची कड ओबडधोबड दिसत होती. भिंतीशी काही दगड पडलेले त्यांना दिसले. उरलेले असतील, असे त्यांनी मानले. काका जेवून आडवे झाले होते. उठवून विचारायचे ताईंच्या जिवावर आले. त्यांनी दगड वाहून आणले, वाटेच्या कडेला बसवले, आणि पांढरे डाग वाईट दिसतात म्हणून चुन्याची बाजू खाली घातली. वहीत याची नोंद नाही. वर्षभरातल्या कामांपैकी न नोंदलेले हे एकच.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने आणि नर्सबाईंनी खतासाठी खड्डा खणायला 'रिकामी' जागा निवडली, ती नेमकी तीच. फावड्याने चिरलेले कंद त्यांना कुजके कांदे वाटले. पोती भरली, कचऱ्याची गाडी आली, गेली.

त्यापुढच्या शनिवारी काका खड्ड्याच्या काठावर उभे राहिले.

"माझी निळी कुठायत?"

"काका, खूण कुठे होती?" नर्सबाई म्हणाल्या.

"कडं मांडलं होतं की मी!"

"नव्हतं हो. आम्ही दोघंही होतो ना."

"साठी बुद्धी नाठी म्हणतात," बेकरीवाला हसला, "तुमची तर पंचाहत्तरी उलटली!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी ताईंकडे पाहिले. "ताई, तुमच्या वहीत बघा बरं."

ताई त्या वेळी पायवाटेवरच उभ्या होत्या. पायाशी कोणते दगड आहेत हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आले. त्यांनी पाने उलटली, नसलेली नोंद शोधल्यासारखे केले आणि म्हणाल्या, "नोंद नाही." शब्द खरे होते, बोलणे खोटे होते. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी एक वेळ चालले असते. घरी जाण्यापूर्वी त्यांनी सवयीने लिहिले : 'उत्तरेच्या भिंतीशी खूण केलेली नव्हती.'

बुधवारी त्या रोपे पाहायला आल्या, तेव्हा काका चर्चच्या मागच्या खोलीत बसून प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधत होते. मोठे दार. मागचे दार. घंटेचा जिना.

"हे कशाला, काका?"

"विसरायला लागलोय ना. शनिवारी लेक येतेय न्यायला. फादरना किल्ल्या देऊन टाकतो." त्यांनी गाठ आवळली. "ते कडं मला अजून डोळ्यांपुढं दिसतंय, ताई. तेच खोटं म्हटल्यावर बाकी कशावर भरवसा ठेवायचा? गॅस बंद केलाय की नाही, तीनतीनदा उठून बघतो."

 ताईंनी दोऱ्याचे रीळ धरून ठेवले आणि काकांना आणखी चार चिठ्ठ्या बांधू लागल्या. घरी जाताना त्यांना स्वतःच्या हातांकडे पाहवेना.

शनिवारी काकांची लेक आली. काकांची भरलेली बॅग दाराशी होती. फादरांनी किल्ल्यांसाठी हात पुढे केला, आणि ताई पायवाटेच्या कडेला खाली बसल्या. पहिला दगड निघेना. त्यांनी खुरपे घालून तो उपटला आणि सर्वांपुढे उलटा केला. चुना ओल्या मातीतही पांढरा होता.

"काका विसरले नाहीत," त्या म्हणाल्या. "कडं मी उचललं. न विचारता. आणि गेल्या शनिवारी मला ते माहीत होतं."

बेकरीवाल्याने मान खाली घातली. काकांची लेक पुढे आली. "आठवडाभर माझे बाबा स्वतःला वेडे समजत होते. आणि तुम्ही चिठ्ठ्या बांधू लागत होतात?"

 मेल्याहून मेल्यासारखे होणे म्हणजे काय, हे ताईंना या वयात कळले.

"वहीत काय लिहिलंय?" काकांनी विचारले.

ताईंनी वाचून दाखवले. 

"खोडा."

ताईंनी त्या ओळीवरून एकच सरळ रेघ ओढली, खाली खरे काय ते लिहिले आणि सही केली. काकांनी वाकून पाहिले.

"नीट खोडलं नाहीत. खालचं वाचता येतंय."

"येऊ दे," ताई म्हणाल्या. "आमच्या दप्तरात तसंच ठेवतात."

 किल्ल्या घेऊन काका आत गेले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या लेकीने बॅग परत त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली. चिठ्ठ्या केरात दिसल्या.

उरलेली सकाळ ताई एकट्याच दगड वाहत होत्या. कोणी मदतीला आले नाही, आणि त्यांनीही कोणाला हाक मारली नाही. माती लोटून त्यांनी खड्डा बुजवला आणि त्याभोवती कडे मांडले. खाली एखादा कंद शाबूत आहे की नाही, हे पुढच्या हंगामापर्यंत कोणालाच कळणार नव्हते. काका घंटा वाजवून बाहेर आले, कड्याभोवती एक फेरी घातली आणि ताईंनी घाईत उलटा ठेवलेला एक दगड पायाने फिरवून चुन्याची बाजू बाहेर केली. ताईंकडे न पाहताच ते दार लावायला गेले.