पाळी पुढे ढकलायची गोळी

सासूबाईंना माझ्या डुकरांची किळस येते. कळवणकडच्या वराहपालन केंद्रावरून मी गंगापूर रोडच्या फ्लॅटवर परतले, की दारातूनच हुकूम सुटतो, "आधी आंघोळ. कशाला हात लावू नकोस." गायी-म्हशींची डॉक्टर असते तर सून म्हणून मिरवलं असतं त्यांनी मला. सोळा वर्षं हे ऐकतेय आणि दर वेळी माझं डोकं तितकंच फिरतं.

केंद्रावर माझं मुख्य काम माद्यांच्या माजाचं. एकवीस दिवसांचं चक्र प्रत्येकीचं वेगळं चालतं. मालकाला मात्र सगळ्या एकदम माजावर हव्या असतात, म्हणजे पिल्लंही एकदम होतात. त्यासाठी तरुण माद्यांना अठरा दिवस रोज खाद्यावर एक तेलकट औषध ओतून द्यायचं. त्यात संप्रेरक असतं. ते अंगात आहे तोवर बीज पिकत नाही, शरीर थांबून राहतं. औषध बंद केलं की आठवड्याभरात सगळ्या माजावर.

गेल्या वर्षी कामगाराने मधले दोन दिवस औषध दिलंच नाही. काही माद्या वेळेआधीच माजावर आल्या. "पोळा व्हता मॅडम. दोन दिसानं काय व्हतंय? तुम्ही लय मनाला लावून घेता." मी त्याला नाही नाही ते बोलले. शरीराशी खेळ लावलाय का, असंही म्हणाले.

त्याच संध्याकाळी आंघोळ करून बाहेर आले, तर सासूबाई माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातावर गोळी ठेवत होत्या. गौरी पाच दिवसांवर आल्या होत्या. सोवळ्यात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायची ही गोळी आमच्याकडे सुपारी-खोबऱ्याबरोबर सणाच्या यादीतच असते. मुलीची तारीख कधीची, हे त्यांनी विचारलंही नव्हतं.

"तिला नाही द्यायची," मी म्हणाले.

"का? विष आहे का?"

"डुकरिणींना मी देते त्याच जातीचं औषध आहे."

"देवघरासमोर तोंड सांभाळ. आणि तू इतकी वर्षं घेतेसच ना? तुला काय धाड भरली?"

माझी त्या दिवशीची गोळी मी सकाळीच चहाबरोबर घेतली होती. घरात वाद नको म्हणून दरवर्षी घेत आले, एकदाही डॉक्टरांना न विचारता. मुलगी माझ्याकडे बघत होती. माझी मलाच चीड आली.

तिच्या हातातली गोळी मी बेसिनमध्ये टाकली. सासूबाईंनी अबोला धरला. माझी गोळी मी चालू ठेवली, आणि गौरीपूजनाला दोन दिवस उरले तेव्हा बंद केली. हा हिशेब मला चांगला येतो.

पूजनाच्या सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाले, "आई, मी बाजूला बसतेय."

पुरण वाटणारा त्यांचा हात थांबला. "आणि गोळी?"

"परवा बंद केली."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि नातीला हाक मारली, "तू तरी ये गं. सोळा भाज्या चिरायच्यात."

मुलगी आली आणि दाराबाहेर, माझ्या शेजारी उभी राहिली.

"माझीपण आलीये, आजी."

तिच्या तारखेला अजून दहा दिवस होते.