माग तुटला तेव्हा

सावंगीच्या रस्त्यावरच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबसाठी मी प्रोग्राम लिहिला होता. रक्त तपासणाऱ्या यंत्रातले आकडे तो कॉम्प्युटरवर घेई आणि रिपोर्ट छापे. एका सकाळी तिथल्या टेक्निशियन बाईंचा फोन आला. "ताई, काल सिस्टिम अपडेट झाली अन् तवापासून प्रोग्राम मधातच बंद पडून राह्यला. लवकर या."

सिंदी मेघेतल्या घरून स्कूटर काढली. लॅबमध्ये बसायला जागा नव्हती.

प्रोग्राम कोसळला की मागे एक माग राहतो: कोडच्या कोणत्या तुकड्यानं, म्हणजे फंक्शननं, कोणाला बोलावलं, याची उतरंड. एरवी ती माझ्या कोडपर्यंत पोचायची. आज वरच्या दोन ओळी दिसल्या आणि खाली नुसती प्रश्नचिन्हं. कॉम्प्युटरच्या मेमरीची नासधूस झाली तरी माग असाच तुटतो, आणि मग आकड्यांचाही भरवसा उरत नाही.

"कालपासून दिलेले रिपोर्ट बरोबर आहेत?" लॅबच्या डॉक्टरांनी विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही, सर."

त्यांनी छपाई थांबवली. बाईंना म्हणाले, "अपडेटनंतरचा प्रत्येक रिपोर्ट यंत्राच्या पडद्यावरून ताडून पाहा."

काउंटरवर सिंदी रेल्वे गावाहून आलेली एक मुलगी रडवेली झाली होती. "माह्या बाबाले डायलिसिसले न्याचं हाय. पोटॅशियमचा रिपोर्ट काऊन अडला?" डॉक्टर उठले, यंत्रावरचा आकडा स्वतः वाचला, कागदावर लिहिला आणि सही करून तिला दिला.

मी प्रोग्राम पुन्हा पुन्हा पाडून पाहत होते. माग तिथंच तुटायचा. शेवटी आवृत्त्या तपासल्या. अपडेटमध्ये सिस्टिमच्या लायब्रऱ्या, म्हणजे सगळे प्रोग्राम वापरतात ते तयार कोड, नव्या आल्या होत्या, पण त्यांतली फंक्शनं ओळखायला डिबगरला, म्हणजे माग वाचणाऱ्या साधनाला, लागणारी माहिती जुनीच राहिली होती. जुळणारी माहिती उतरवायला घेतली. नेट रेंगाळत होतं. पाठीमागं कुणीतरी सारखं खोकत होतं.

ती आली, प्रोग्राम पुन्हा पाडला, आणि या वेळी उतरंड तळापर्यंत उघडली. प्रोग्राम छपाईच्या लायब्ररीत कोसळत होता. ती बदलली होती आणि माझा प्रोग्राम तिच्या जुन्या आवृत्तीवर बांधलेला. आकडे वाचणारा भाग त्या उतरंडीत कुठंच नव्हता. तरी बाईंची पडताळणी संपेपर्यंत मी थांबले.

"ताई, सगळे जुळले," बाई आतून म्हणाल्या. "एकबी आकडा चुकला नाई."

नव्या लायब्ररीवर प्रोग्राम पुन्हा बांधला, म्हणजे कंपाइल केला. पहिला रिपोर्ट छापून निघाला, तो डॉक्टरांनी यंत्राशी ताडला आणि मगच पुढचं नाव पुकारलं. मी मात्र संध्याकाळपर्यंत तिथंच खुर्ची ओढून, निघणारा प्रत्येक रिपोर्ट पाहत बसले. उठायचा धीर होत नव्हता.