आत्याची लाकूडफोडी मशीन

जगातली कुठलीही वस्तू बनवणाऱ्याने ती पुरी बनवली आहे, हे माझ्या आत्याने आजवर एकदाही मान्य केलेलं नाही. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात ती फिटर होती. निवृत्त झाली ती फक्त कागदावर. तिच्या पर्समध्ये एखादे दिवशी रुमाल नसेल, पण पाना असतोच. चौबे कॉलनीत आमच्याकडे ती येणार असली की आम्ही कुरकुरणारी दारं आधीच सताड उघडून ठेवतो, म्हणजे तिच्यासमोर त्यांनी तोंड उघडायला नको. तरी माझ्या साखरपुड्यात, पाहुणे पेढे खात असताना, ती सोफ्याखाली शिरलीच. "एक पाय हालून राहिला," खालून आवाज आला, "तुमी बसून राहा, मी वजनासकट कसते." वर माझे होणारे सासरे होते. ते मुकाट्याने बसून राहिले.

मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, यांची गुढियारीत लाकडाची टाल, म्हणजे वखार, आहे. हाताखाली माणसं असूनही रोज सकाळी दोन-चार ओंडके स्वतः फोडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. मग त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कुऱ्हाड बंद केली. मामाजींनी दवाखान्यात शहाण्यासारखी मान डोलावली. आत्याने तेवढ्यात कुऱ्हाड शेजाऱ्यांकडे दडवली होती. मामाजी घरी आल्यावर शेजाऱ्यांकडे गेले आणि स्वतःचीच कुऱ्हाड उसनी मागून आणली.

दुसरी बाई भांडली असती. आत्याने कुऱ्हाड कुलपात टाकली आणि उरला या कारखान्यांच्या भागातला भंगार बाजार गाठला. तिथून तिने जाड लोखंडी गर्डर आणला, कुठल्याशा खोदाईच्या मशीनचा हायड्रॉलिक सिलेंडर आणला, गर्डरच्या टोकाला पोलादाची पाचर वेल्ड करवली आणि हे सगळं प्रकरण टालीतल्या ट्रॅक्टरच्या मागे जोडलं. दांडा ओढला की सिलेंडरने ओंडका पाचरेवर रेटायचा आणि फोडायचा, एवढी साधी गोष्ट. पण पहिल्याच दिवशी मागे इतकं वजन झालं की ट्रॅक्टरने पुढची चाकं उचलली. पुढे वाळूची पोती बांधली, तर ओंडका तिरका बसला आणि सुटला तो थेट पाण्याच्या ड्रममध्ये.

"फुटला नाही," टालीतल्या खाटेवरून मामाजी म्हणाले. "पळून गेला."

आत्या खूशच झाली. सुधारायला काहीतरी निघालं ना! तिने ओंडका सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्या लावल्या. ओंडका वर उचलून ठेवावा लागू नये म्हणून आडवी मशीन उभी केली. मशीन दर आठवड्याला नवा अवतार घेत होती आणि मामाजी मात्र त्याच खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. त्यांचं बोलणं कमी झालं, मग जेवण.

"आत्या, फोडायला माणसं आहेत ना," मी म्हणालो. "काहून इतका जीव काढून राहिली?"

"लाकडं फुटतीन रे," ती होज पाईप पुसत म्हणाली. "हे असे बसून राहिले तर संपतीन."

एका सकाळी मी टालीवर गेलो, तेव्हा तिने चालवायचा दांडा उजवीकडून काढून डावीकडे बसवला होता आणि स्वतः मुद्दाम अडखळत ओढत होती. मामाजींनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं.

"दांडा डाव्या बाजूले काहून?"

"मले तिकडून बरा पडते."

"तुले?" मामाजी म्हणाले. त्या घरात डावखुरे ते एकटेच.

ते उठले. तिला बाजूला सारून दांडा धरला. गाठीचा ओंडका कर्रकन दुभंगला, आणि मामाजींनी असा चेहरा केला की जणू फोडला त्यांनीच. "हव, चालते," एवढंच म्हणाले.

आता रोज सकाळी मामाजीच मशीन चालवतात. येईल त्याला दाखवतात, आत्याला हात लावू देत नाहीत. परवा गेलो, तर ती ओट्यावर रिकाम्या हाताने बसली होती. मला वाटलं, काही बिघडलं.

"नाही रे, बेस चालून राहिली," ती म्हणाली. "पण इतकी वर्षं मले कुऱ्हाडीच्या आवाजानं जाग येत होती. ठक, मंग दम, मंग ठक. त्या दमावरून समजे, आज यांची तब्येत कशी हाय. या इंजिनाच्या धडधडीत मले ते ऐकूच येत नाही."

मग ती उठली आणि जाऊन त्यांच्या अगदी शेजारी उभी राहिली.