पुढची भिंत

टकटककाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटायचे, मग माणसांना. बोटाच्या पेराने दोन-चार ठिकाणी टकटक करायची, कान लावायचा आणि मग कुठे सोफ्यावर टेकायचे. मला पाहायला मंडळी आली तेव्हाही त्यांनी हेच केले. मुलाकडच्यांना वाटले, आम्ही घर विकायला काढले आहे!

मकरपुऱ्यातल्या कारखान्यांच्या शेड उभारण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर गोत्रीत आमच्या शेजारी राहायला आले ते धसका घेऊनच. कच्छच्या भूकंपानंतर अहमदाबादेत खालचे पार्किंग चिरडून बसलेल्या इमारती त्यांनी पाहिल्या होत्या. आमचीही तशीच, वर घरे गच्च आणि खाली नुसते खांब. "वर भरलेलं कपाट, खाली काडीचे पाय," असे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत.

खाली भिंत हवी, हे सोसायटीला एकदाचे पटले. पण कुठे? सेक्रेटरी म्हणाले, "काका, पाछळ बांधो ने! आगळ तो गाडीओने नडशे." पुढे गाड्यांना अडचण होईल, हे ऐकून काका उसळले. "मागे लिफ्टची काँक्रीटची भिंत आहेच. आणखी तिथेच बांधलीत तर भूकंपात इमारत दारासारखी त्या भिंतीभोवती फिरेल. पुढे बांधा, नाहीतर बांधूच नका."

हे पटवायला त्यांच्याकडे एक खिळखिळे मेज होते. त्याच्या एका टोकाच्या दोन पायांना फळी बांधायची, दुसऱ्या टोकाला काकूंचा काचेचा ग्लास ठेवायचा आणि मेज हलवायचे. फळीचे टोक जागच्या जागी, दुसरे झोकांड्या खाणार, ग्लास खाली. मग दोन्ही टोकांना फळ्या बांधायच्या, की नवा ग्लास शाबूत. काकू म्हणायच्या, "अहो, स्टीलचा घ्या की!"

"स्टीलचा फुटत नाही. मग लोकांना पटत नाही."

शेवटी पुढची भिंत झाली, ती काकांच्याच पार्किंगच्या जागेवर. त्यांची गाडी बाहेर कडुनिंबाखाली गेली, कावळ्यांच्या हवाली. नवरात्रात गरब्याचा घेर त्या भिंतीपाशी अडायचा, तेव्हा पोरी काकांच्या नावाने खडे फोडत. काका खुर्ची टाकून बसत आणि टाळ्या वाजवत.

यंदा थंडीत ते गेले, झोपेतच. शववाहिनी भिंतीमुळे आत वळेना. त्यांना उचलून बाहेर न्यावे लागले. मी फुले आणली, फोन केले, चहा केला. रडू आले नाही. अजूनही येत नाही. आत कुणी टकटक केली तरी आवाज निघणार नाही, असे काहीतरी झाले आहे.

तेरावे झाल्यावर पार्किंगमध्ये मीटिंग भरली. भिंत पाडावी, असा विषय होता. जो तो मान डोलावत होता. आता काका राहिले नाहीत, हे सेक्रेटरींनी हळूच सुचवले, "हवे काका तो रह्या नथी..."

काकूंनी माझ्याकडून मेज खाली आणवले. एका टोकाला फळी बांधली, दुसऱ्या टोकाला ग्लास ठेवला. मेज हलवले. ग्लास फरशीवर फुटला. मग सेक्रेटरींनी विषय मागे घेतला.

मी झाडू घेऊन आले. काकू खाली बसून काचा वेचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इतकी वर्षं त्यांना बोलले. हा मात्र मी फोडला हं."